कमरेचा घेर आणि मनाचा नेम

(शिरूर व दौंड परिसरातील श्रोत्यांसमोर झालेल्या आरोग्यविषयक व्याख्यानाची संहिता)



लठ्ठपणा हा शहरातल्या सुखवस्तू माणसाचा आजार, अशी समजूत शिरूर-दौंडच्या पट्ट्यात अजूनही घट्ट आहे. बाजरीची भाकरी खाणारा, उन्हातान्हात राबणारा शेतकरी आणि वजन उतरवण्याचा सल्ला यांचा परस्परांशी काय संबंध, असा प्रश्न येथे सहज विचारला जातो. त्याचे उत्तर परदेशातून आणण्याची गरज नाही. ते याच परिसरात, गेल्या तीस वर्षांत तपासून झालेले आहे.

छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीने पावन झालेल्या वढू बुद्रुक येथे पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाने १९७०च्या दशकात ग्रामीण आरोग्याचे काम उभे केले. त्यामागची प्रेरणा होती डॉ. बानू कोयाजी यांची. पुढे १९९३ मध्ये याच रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाबळ-केंदूर परिसरातील सहा गावांत गर्भवती मातांच्या पोषणाचा अभ्यास सुरू केला. या मातांचे सरासरी वजन होते सुमारे ४२ किलो. त्यांच्या बाळांचे जन्माच्या वेळचे सरासरी वजन २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदम्प्टन येथील बाळांचे त्याच वेळी ३.५ किलो होते. यात नवल काही नाही. नवल पुढे आहे. आपल्या बाळांचे स्नायू कमी होते, पोटातले अवयव लहान होते, परंतु कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने शाबूत होती. दिसायला किडकिडीत, आतून चरबीयुक्त. वैद्यकशास्त्रात 'थिन-फॅट इंडियन बेबी' हे नाव २००३ मध्ये जगभर गेले, ते शिरूरच्या पाळण्यांतून.

ही मुले मोठी झाली, अठरा वर्षांची झाली. तेव्हा ६१९ जणांची तपासणी झाली. त्यांतील ४८ टक्के मुले-मुली वैद्यकीय मापाने कमी वजनाची होती, आणि तरीही ३७ टक्के मुलांमध्ये व १८ टक्के मुलींमध्ये साखरेचे प्रमाण बिघडलेले आढळले. मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभे असलेले हे तरुण कोणा शेठजींचे चिरंजीव नव्हते; बहुतांश शेतकऱ्यांचीच लेकरे होती. आज ती तिशीच्या घरात आहेत, कारखान्यांत पाळी करतात, ट्रॅक्टर चालवतात, संसार करतात.

डॉ. याज्ञिक यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात स्वतःचे आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचा अगदी सारखा, २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. काटा दोघांना सारखाच दाखवत होता. म्हणूनच भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्ये आपल्यासाठी वेगळ्या मर्यादा ठरवल्या. हा निर्देशांक २३च्या पुढे गेला की वजन जास्त आणि २५च्या पुढे गेला की लठ्ठपणा. कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत हवा.

तेव्हा ज्याला आरंभ करायचा आहे, त्याने वजनकाट्याच्या आधी शिंप्याची फीत हाती घ्यावी. सकाळी, पोट साफ झाल्यावर, शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता घेर मोजावा. पँट जिथे बांधतो तो घेर नव्हे. वाढलेल्या पोटाखाली पट्टा बांधून 'माझी कंबर अजून चौतीसच' असे समाधान मानणारे गावोगावी आहेत! घेर उंचीच्या निम्म्याहून कमी असावा, एवढे सोपे गणितही चालते. पाच फूट चार इंच उंचीच्या माणसाची कंबर ३२ इंचांच्या आत असली की ठीक.

असे का झाले, याचा विचार केल्याशिवाय उपाय सापडत नाही. शिरूरचा पूर्व भाग आणि दौंडचा जिरायत पट्टा हा मुळात अवर्षणाचा प्रदेश. १९७२च्या दुष्काळात येथल्या माणसांनी खडी फोडली, मिलो आणि सुकडी खाऊन दिवस काढले. पिढ्यान् पिढ्या तुटपुंज्या अन्नावर काढलेल्या या शरीराला, मिळेल ते साठवून ठेवण्याची सवय लागली असावी, असे शास्त्रज्ञ मानतात. मग कालवे आले. खडकवासल्याचे पाणी दौंडला, घोड आणि चासकमानचे पाणी शिरूरला मिळाले. ऊस आला, दूध आले, रांजणगाव आणि कुरकुंभ येथे औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. समृद्धी आली आणि तिचे स्वागतच करायला हवे. दारिद्र्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही. परंतु ज्या शेतावर माणूस चालत जात होता, तिथे तो आता मोटारसायकलवर जातो. मोट आणि नांगर गेले, विजेचा पंप घरबसल्या मोबाईलवरून चालू होतो. रात्रपाळीचा कामगार मध्यरात्री कँटीनमध्ये जेवतो आणि सकाळी घरी येऊन पुन्हा जेवून झोपतो. दौंडहून रोज पुण्याला रेल्वेने जाणारा नोकरदार पहाटे घर सोडतो, रात्री परततो. मधला सारा दिवस बसण्यात आणि स्टेशनवरच्या चहा-वड्यात जातो. श्रम उणे झाले, पण पोळी-भाकरीची चवड श्रमाच्या काळातलीच राहिली.

आता आहाराचे. आरंभ चहापासून करावा, कारण येथे माणूस कोणाच्याही दारात गेला तरी पहिल्यांदा चहाच पुढे येतो. एका कपात दोन लहान चमचे म्हणजे सुमारे १० ग्रॅम साखर. दिवसाचे सहा चहा म्हणजे ६० ग्रॅम. महिन्याला १ किलो ८०० ग्रॅम साखर निव्वळ चहातून पोटात जाते. तिची ऊर्जा सुमारे ७,२०० कॅलरी होते आणि एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात. हिशेब स्पष्ट आहे. चहा सोडा, असे सांगून कोणी सोडत नाही. पहिल्या पंधरवड्यात साखर निम्मी करावी, दुसऱ्या पंधरवड्यात कपांची संख्या निम्मी करावी. जीभ तीन आठवड्यांत वळण घेते. दौंड तालुक्यात गुऱ्हाळे पुष्कळ, त्यामुळे 'साखर सोडली, आता गुळाचाच चहा घेतो' असे अभिमानाने सांगितले जाते. गूळ चविष्ट आहे, आपला आहे, हे सारे मान्य. पण वजनाच्या बाबतीत गूळ आणि साखर ही सख्खी भावंडे होत.

दुसरी गोष्ट उपवासाची. उपवास म्हणजे देवाच्या जवळ बसणे. पोटाला विश्रांती आणि चित्ताला संयम देणारी ही आपली थोर प्रथा आहे. पण साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, शेंगदाण्याचे लाडू आणि वर वेफर्स, असा उपवास एकादशीला जो घडतो, तो नेहमीच्या दोन जेवणांनाही मागे टाकतो. साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ पिष्ट. ज्याला व्रत करायचे आहे त्याने ताक, फळ, थोडी भगर एवढ्यावर खरोखरच उपवास करावा. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्यावाचून उपाशी राहू नये. साखर एकाएकी उतरणे हे साखर चढण्यापेक्षा तातडीचे संकट असते.

तेलाचा विषय पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी २३ फेब्रुवारी २०२५च्या 'मन की बात'मध्ये काढला आणि घराघरांतून दर महिन्याला १० टक्के तेल कमी करण्याचे आवाहन केले. हे आवाहन पाळणे अवघड नाही, कारण ते मोजता येते. महिन्याला पाच किलो तेल आणणाऱ्या घराने साडेचार किलो आणावे. कढईपुढे उभे राहून गृहिणीशी वाद घालण्यापेक्षा किराण्याच्या यादीत बदल करणे शहाणपणाचे.

काय खावे, यासाठीही फार लांब जाण्याची गरज नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात अतिस्थूल माणसाचे दोष आणि त्याची चिकित्सा आली आहे. पचायला जड, पण शरीराला फुगवणार नाही असे अन्न त्याला द्यावे, हे तेथील सूत्र आहे. पोट भरल्याची जाणीव राहावी आणि साठा मात्र वाढू नये, हा त्यातला मर्म. चरकांनी सांगितलेल्या धान्यांत जव आहे, मूग आहे आणि कुळीथही आहे. हा कुळीथ म्हणजे आपला हुलगा. हुलग्याचे शेंगोळे आणि माडगे हे या भागातील घराघरांतले पदार्थ. लग्नकार्यांच्या पंगतीत पनीर आल्यापासून ते गरिबांचे ठरले. मटकी, मूग, हुलगा, ताक, अंडे चालत असेल तर अंडे, आणि ताटाचा निम्मा भाग पालेभाजी-कोशिंबिरीने भरलेला, असे जेवण असले की तिसरी भाकरी आपोआप नकोशी होते. बाजरी उत्तम धान्य आहे, पण चार भाकऱ्या खाऊनही वजन उतरेल अशी जादू तिच्यात नाही.

किती वेळा खावे, यावर महाराष्ट्रात मोठे वादंग झाले. नागपूरचे विद्वान दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेला दिवसातून दोनदाच जेवण्याचा विचार लातूरचे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी व्याख्यानांतून खेडोपाडी नेला. ऋजुता दिवेकर यांच्यासारख्या आहारतज्ज्ञ याच्या उलट, थोडे थोडे आणि वेळेवर खाण्याचा आग्रह धरतात. शहरांतल्या सुशिक्षितांत यावरून दोन पंथच पडले. वस्तुतः दोन्हीकडचे एक म्हणणे समान आहे. येता-जाता तोंडात टाकणे, पाकिटातले खाणे आणि रात्री उशिरा जेवणे थांबले पाहिजे. ज्याला जी पद्धत वर्षभर पाळता येईल, ती त्याच्यासाठी योग्य. पंधरा दिवस कडकडीत पाळून सोळाव्या दिवशी सोडलेली पद्धत कितीही शास्त्रीय असली, तरी निरुपयोगी. गर्भवती, स्तनदा माता, वाढत्या वयातील मुले यांच्यासाठी मात्र दोन जेवणांचा प्रयोग नाही.

व्यायामाविषयी एक गैरसमज आधी दूर करायला हवा. सत्तर किलोचा माणूस पाच किलोमीटर चालला, तर सुमारे अडीचशे कॅलरी खर्च होतात, आणि परत येताना नाक्यावर एक वडापाव खाल्ला की त्या जागच्या जागी भरून येतात. केवळ चालून वजन फार उतरत नाही. ते उतरते मुख्यतः ताटातून. मग चालायचे कशासाठी? उतरलेले वजन पुन्हा चढू नये म्हणून, स्नायू टिकावेत म्हणून, रक्तातील साखर वापरली जावी म्हणून. ज्या शरीरात जन्मतःच स्नायू कमी, त्याला तर याची दुप्पट गरज. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ५३१ भारतीयांवर केलेला अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. आहार आणि चालणे सुधारलेल्यांमध्ये मधुमेह होण्याचे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी घटले, आणि विशेष म्हणजे त्यांचे वजन फारसे उतरलेले नव्हते. काटा हलत नाही म्हणून चालणे सोडणाऱ्या प्रत्येकाला हे सांगितले पाहिजे.

दहा हजार पावलांचा बाऊही करू नये. तो आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावले मोजणाऱ्या एका यंत्राच्या नावातून रूढ झाला. आज दोन हजार चालणाऱ्याने तीन हजार चालावे. चरकांनीही व्यायाम क्रमाक्रमाने वाढवण्यास सांगितले आहे, आणि येथेच बहुतेक नवशिके चुकतात. पहिल्या दिवशी घोडनदीच्या पुलापर्यंत धावत जाऊन दुसऱ्या दिवशी गुडघा धरून बसण्यात पुरुषार्थ नाही. जेवणानंतर दहा मिनिटे, दिवसातून दोनदा, येथून आरंभ करावा. तीन आठवड्यांनी अर्धा तास सलग चालावे. त्यानंतर आठवड्यातून दोन-तीन दिवस बैठका, जोर, सूर्यनमस्कार. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार आपल्या संस्थानात हट्टाने केला. राजवाड्यापासून शाळेपर्यंत सर्वांनी ते घालावेत, यासाठी ते स्वतः उदाहरण झाले. तीन नमस्कारांनी सुरू करून दर आठवड्याला एक वाढवला, तरी चैत्रात आरंभ करणाऱ्याचे आषाढी एकादशीपर्यंत पंधरा-सोळा होतात. पाठीचा वा हृदयाचा विकार असलेल्यांनी आधी वैद्यकीय सल्ला घ्यावा.

दौंडला राज्य राखीव पोलीस दलाचे पाचवा आणि सातवा असे दोन गट आहेत. त्या जवानांच्या पहाटेच्या कवायतीकडे पाहिले की एक गोष्ट ध्यानात येते. तिथे 'आज इच्छा आहे का' असा प्रश्न कोणी विचारत नाही. वेळ झाली, शिटी वाजली, माणूस रांगेत उभा राहिला. वजन उतरवू पाहणाऱ्यांचे घोडे नेमके इथे अडते. इच्छा उत्पन्न होण्याची वाट पाहत ते बसतात. इच्छा पहिल्या आठवड्यात भरपूर असते, कारण त्या आठवड्यात दोन किलो उतरतात. ते बव्हंशी पाणी असते. नंतर वेग आठवड्याला अर्ध्या किलोवर येतो, महिन्या-दोन महिन्यांनी काटा काही काळ जागचा हलत नाही, आणि मन खचते. हा काळ येणार आहे, हे आधीच ठाऊक असले म्हणजे तो आल्यावर पराभव वाटत नाही.

इच्छेपेक्षा नेम भरवशाचा. या भागाला नेमाचा धडा देणारी वारी दरवर्षी दारावरूनच जाते. जगद्गुरू तुकाराम महाराजांची पालखी यवत आणि वरवंडला मुक्काम करते. यवतला वारकऱ्यांना पिठले-भाकरीचे जेवण घालण्याची परंपरा आहे. देहू ते पंढरपूर हे सुमारे अडीचशे किलोमीटरचे अंतर अठरा-वीस दिवसांत साठी-सत्तरीच्या माउल्या पार करतात. ते कशाच्या बळावर? रोजचा टप्पा ठरलेला, दिंडीतली जागा ठरलेली, सोबती ठरलेले. आज पंढरपूर किती लांब आहे याचा हिशेब त्या करत नाहीत. आजचा मुक्काम गाठतात. ८० किलोच्या माणसाने २० किलो उतरवण्याचा संकल्प करू नये. चार-पाच किलो, म्हणजे वजनाच्या सुमारे सहा टक्के, हा पहिला मुक्काम. तेवढ्यानेही रक्तदाब आणि साखर यांत फरक दिसू लागतो.

दुसरे बळ संगतीचे. संघाच्या शाखेत जुनी रीत आहे. एखादा स्वयंसेवक दोन-चार दिवस दिसला नाही, तर कोणीतरी त्याच्या घरी जाते. रागावण्यासाठी नव्हे, चौकशीसाठी. ठरलेली जागा, ठरलेली वेळ, एक तास, आणि न येणाऱ्याची आठवण ठेवणारी माणसे, एवढ्या साध्या सामग्रीवर शंभर वर्षे काम उभे राहिले. चालण्याच्या मंडळींनी हेच करावे. चार जणांनी मारुतीच्या देवळापाशी पहाटे साडेपाचला जमावे. पाचवा आला नाही तर त्याची कडी वाजवावी. मोबाईलवर 'सुप्रभात'ची फुले पाठवण्याने कोणाचेही वजन उतरल्याचे ऐकिवात नाही.

भगिनींचा प्रश्न निराळा आहे आणि त्याकडे पुरुष वक्ते सहसा दुर्लक्ष करतात. गावात पुरुष निष्कारण फिरला तर कोणी विचारत नाही. बाई काही कामाशिवाय रस्त्याने चालू लागली की दहा नजरा वळतात. शिवाय ताटातले, पातेल्यातले उरलेले अन्न टाकवत नाही, म्हणून ते तिच्याच पोटात जाते. अन्न हे पूर्णब्रह्म खरे, पण तिचे पोट म्हणजे घरचे कोठार नव्हे. स्वयंपाक मोजून करणे हा यावरचा उपाय, आणि ते सासूने सांगितले तर सहज होते. काकडा, प्रदक्षिणा, भजनी मंडळ यांना जोडून दहा-बारा जणींनी एकत्र चालायला निघावे. घोळक्याला कोणी टोकत नाही. घरच्या पुरुषांनी त्या अर्ध्या तासात चूल सांभाळावी. हे लिहायला सोपे आणि करायला अवघड आहे, पण याच्यावाचून बाकीचे सारे उपदेश अर्धवट राहतात.

लग्नसराई, यात्रा, हुरड्याचे दिवस येणारच. त्या दिवशी आनंदाने जेवावे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नेमावर यावे. एक दिवस मोडला म्हणून महिना सोडून देणे हा मनाचा कावा होय.

बाजारात भुकटी, पट्टे, चहा, काढे यांची रेलचेल आहे. 'आयुर्वेदिक' हा शिक्का असला की विचारायचे नाही, असे समजू नये. अनोळखी मिश्रणांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. भूक मंदावणारी नवी इंजेक्शने २०२५ मध्ये भारतात आली. ती गुणकारी आहेत, आली तेव्हा महागही होती. थांबवल्यावर बहुतेकांचे वजन पुन्हा चढते. त्यांचा निर्णय तज्ज्ञ डॉक्टरांनीच करावा, शेजाऱ्याच्या अनुभवावरून नव्हे.

आणखी एक सावधगिरी. ज्या घरात वडिलांची कंबर चाळीस इंच आहे, त्याच घरात सोळा-सतरा वर्षांची मुलगी चाळीस किलोची असू शकते. घरातील सर्वांना एकच पथ्य लावू नये. पाबळ-केंदूरच्या अभ्यासात ज्या मातांच्या आहारात पालेभाज्या, फळे आणि दूध होते, त्यांची बाळे अधिक भरीव जन्मली. निम्म्याहून कितीतरी अधिक मातांत ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव होती. १९९३ मध्ये ज्यांच्या मातांपासून काम सुरू झाले, त्याच मुला-मुलींना २०१२ पासून, लग्नापूर्वीच्या वयात, ब-१२ देऊन पाहण्याचा प्रयोग डॉ. याज्ञिक यांच्या चमूने केला, आणि त्यांच्या पोटी जन्मणाऱ्या बाळांची मापे घेतली. वाढत्या मुलीच्या ताटातील दूध, भाजी आणि उसळ कमी करून वजन राखण्याचा विचार कोणाच्या मनात येत असेल, तर त्यांनी आधी वढूच्या रुग्णालयात जाऊन तिचे रक्त तपासून घ्यावे.